सात बिंदूंचा बाण

सरळ रेषेला वाकडं तुम्ही केलंत, साहेब. तुमच्या कार्यालयाने, तुमच्या सहीने. आता पेंटरकाकांच्या नावाने नोटीस काढून हात झटकू नका.

तीस वर्षं इस्पितळातल्या पाट्या पेंटरकाकांनीच रंगवल्या. प्रसूतिकक्षाकडे नेणारा लाल बाण पुसट झाला, तेव्हा ते डबा-ब्रश घेऊन हजर झाले. घाईही होती, लेकीचे दिवस भरत आले होते आणि तिचं नाव याच इस्पितळात घातलं होतं. पण दारातच आदेश हातात पडला : यापुढे कोणतीही आकृती संगणकावर, व्हेक्टर म्हणजे बिंदू जोडण्याच्या पद्धतीने, प्रमाणपत्रधारक व्यक्तीनेच काढावी.

काका प्रशिक्षणाला बसले. माउस हातात ठरेना; रुसलेल्या पाहुण्यासारखा जरा लाडीगोडी केली की भलतीकडेच पळायचा. शिकवणाऱ्या बाई लेकीच्याच वयाच्या, पण समजुतीच्या.

"काका, इथे रेघ ओढायची नाही. पॉइंट ठेवत जायचे, रेघ आपोआप जोडली जाते. वळण हवं तर पॉइंटला फुटलेली ही दांडी ओढायची. आणि पॉइंट जितके कमी, तितकी रेघ देखणी."

"ब्रशचंही तेच असतं, बाई. हात जितक्या कमी वेळा उचलाल तितकं बरं."

तिसऱ्या दिवशी काकांनी बाण काढला. सात कोपरे, सात पॉइंट. बाईंनी टाळी वाजवली.

कार्यालयाने वाजवली नाही. बाण शेऱ्यासकट परत आला : 'आकृतीत केवळ सात बिंदू आढळतात. विहित किमान श्रम : चारशे बिंदू. त्रुटी : तीनशे त्र्याण्णव. पूर्तता करावी.'

काका बाईंकडे धावले. "कमी ते चांगलं, असं तुम्हीच म्हणालात ना?"

"तो अभ्यासक्रम हो, काका. हे मूल्यमापन."

काकांनी बाणाच्या सरळ कडांवर मुंग्यांसारखे तीनशे त्र्याण्णव पॉइंट पेरले. बाण होता तसाच दिसला. पुन्हा परत. 'वाढीव बिंदूंनी काम केल्याचे दिसून येत नाही.'

काकांनी तुमच्यापुढे हात जोडले. "साहेब, सरळ रेषेतला पॉइंट दिसणार कसा?"

"मग हलवा त्याला. नुसते बसून राहणारे आम्हाला चालत नाहीत," तुम्ही खुर्चीत आणखी रेलत म्हणालात.

काकांनी एकेक पॉइंट हलवला. बाणाला आधी पोट सुटलं, मग कुबड आलं, मग आतड्यासारखी वेटोळी पडली. कागदाची रुंदीही विहितच होती. ती संपली तेव्हा टोकाला जागा उरली ती फक्त वर. बाण प्रसूतिकक्ष सोडून जिन्याकडे वळला. त्याच दिवशी मंजूर झाला, काकांना प्रमाणपत्र मिळालं, आणि बाण शिक्क्यासकट भिंतीवर चढला.

आठवड्याने लेकीला कळा सुरू झाल्या. काका पोहोचले, तर जावई तिला व्हीलचेअरसकट जिना चढवायच्या बेतात. पुढे रांग, मागे रांग, सगळी बाणाचं ऐकून जिन्याकडे निघालेली. आणि वर चौथ्या मजल्यावर जुन्या फायलींची खोली.

"अहो जावईबापू, वर कुठे? सरळ जा, समोर!"

दारवान मध्ये पडला. "बाण वर दाखवतोय."

"तो बाण खोटा आहे! मीच काढलाय!"

"त्याच्यावर शिक्का आहे. तुमच्यावर आहे का?"

"बाबा," लेक दातओठ खात म्हणाली, "भांडण नंतर करा हो!"

काकांनी खिशातला खडू काढला, गुडघ्यांवर बसले आणि व्हीलचेअरच्या चाकापासून प्रसूतिकक्षाच्या दारापर्यंत सरळ रेघ ओढत नेली. त्या रेघेवरून जावयाने चाकं पिटाळली. अर्ध्या तासात नात झाली. तिने इस्पितळ डोक्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली : 'विनामंजुरी सरळ रेष. बिंदू केवळ दोन. सात दिवसांत खुलासा करावा.'

खुलासा काका देतील, नातीला मांडीवर घेऊन देतील. पण वाचणाऱ्यांनो, हसताय काय? त्या रांगेत तुम्हीही होतात. खडूची रेघ तुमच्याच पायांमधून गेली. तुम्ही पाय उचललात, तिला जाऊ दिलंत, 'म्हातारा बरोबर बोलतोय' असंही पुटपुटलात, आणि पाय जिन्याच्या पायरीवरच ठेवलात.

का? साहेबांचं राहू द्या. आधी तुम्ही उत्तर द्या.