मयताने समक्ष दिलेला अर्ज

"तीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलंय, एक स्क्रू हरवला नाही! दोन खोल्यांचं काय घेऊन बसलात?" स्टोअरकाकांनी शेजारच्या वकिलाला ठणकावून सांगितलं. मृत्युपत्र ते करणारच नव्हते. कारण वकील बोलता बोलता म्हणून गेला होता, "मृत्युपत्र नसेल तर तिन्ही मुलांना सारखा वाटा. मग वारसनोंदीला तिघांनी एकत्र यायचं, सह्या करायच्या."

तिघं एकत्र! काकांचे कान टवकारले. बायको गेल्यापासून चार वर्षांत तिघं एका वेळी या घरात आली नव्हती. थोरला यायचा तेव्हा धाकट्याला सुटी नसायची, दोघांना जमलंच तर मुलीचं काहीतरी निघायचं. काका आपले एकटेच रेडिओशी भांडत बसायचे. आपण मेल्यावर का होईना, पोरं एकत्र बसतील, या विचाराने त्यांना फार बरं वाटलं. तेव्हा आपण नसू, एवढीच काय ती गैरसोय होती.

पोरांची धावपळ नको, म्हणून स्टोअरच्या सवयीने त्यांनी वारसनोंदीचा अर्ज आधीच भरून ठेवला आणि बरोबर भरलाय का, ते विचारायला कार्यालयात नेला.

"मयताचं नाव?" कारकुनाने मान वर न करता विचारलं.

काकांनी आपलं सांगितलं.

"अर्जदार?"

"मीच."

"मृत्यूची तारीख रिकामी आहे!"

"ती नंतर भरायची."

"नंतरबिंतर चालत नाही इथे!" कारकुनाने आजची तारीख टाकली, शिक्का हाणला आणि ओरडला, "पुढचा!"

आठवड्याभरात तिन्ही मुलांना नोटिसा गेल्या. थोरल्याने बहिणीला फोन केला, बहिणीने धाकट्याला. तिघं रडली, मग भांडली. "तू शेवटचा कधी गेला होतास?" "आणि तू गं?" बाबांना फोन करायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. गेलेल्या माणसाला फोन कोण करणार!

रविवारी सकाळी काकांनी दार उघडलं. मुलगी किंचाळली, थोरला मटकन पायरीवर बसला, धाकटा गळ्यात पडून हमसाहमशी रडला. मग खरा प्रकार कळल्यावर तिघांनी मिळून त्यांना असं झापलं की विचारू नका! काका मान खाली घालून ऐकत होते आणि मनातून खूश होते. चहा झाला. कारकुनाची गोष्ट ऐकून तिघं पोट धरून हसली. तासभर घर भरलेलं होतं.

मग थोरल्याने घड्याळ बघितलं. "बाबा, मृत्युपत्र करून टाका बरं. म्हणजे पुढे आम्हा तिघांना एकत्र यायची कटकट नको."

काकांना ते फार लागलं. तरी ते उसन्या उत्साहाने म्हणाले, "करतो की! कुणाला काय हवं ते आत्ताच बसून ठरवा, मी लिहून घेतो."

"आत्ता कुठे, बाबा! आम्ही तिघं फोनवर ठरवू," धाकटा म्हणाला.

"त्या फोनवर मलाही घ्याल ना?"

"असं काय करता, बाबा?" मुलगी समजुतीने म्हणाली. "तुमच्यासमोर कसं बोलणार आम्ही?"

तेही खरंच होतं. संध्याकाळी रिकामे कप विसळताना काकांनी ठरवलं, अर्जातली चूक दुरुस्त करायला उद्याच धावत जायची काही गरज नाही!