हाडांचा निरोप

फैजाननं त्या दुपारी एकच पान वाचायचं ठरवलं होतं. एका पानानं कुणाचं काय बिघडतं? (बिघडतं. छत बिघडतं. पण ते पुढं.)

तसा तो वाचणाऱ्यांतला नव्हता. पाचवीत शाळा सोडून रद्दीच्या दुकानात बसलेला. रिझल्ट लागला की मेडिकलच्या क्लासची पोरं लातूर सोडून आपापल्या गावी जायची आणि त्यांची सगळी बायोलॉजी किलोनं फैजानच्या काट्यावर यायची. ही एक वही मात्र त्याच्यानं काट्यावर ठेववत नव्हती. ती यासेरभाईची होती. यासेरभाई म्हणजे थोरला भाऊ, दोन वर्षं क्लासला जाणारा, घरातला होऊ घातलेला डॉक्टर. दोन महिन्यांमागं ताप आला आणि आठव्या दिवशी तो गेला.

तेव्हापासून अम्मीनं जेवण सोडलं होतं. दोन भाकरी खाऊन तिसरीकडं बघणारी अम्मी आता अर्धा कप चहा प्यायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची. डॉक्टर म्हणाले होते, "आणखी आठ दिवस असंच चाललं तर ॲडमिट करावं लागंल." ज्या दवाखान्यातून यासेरभाई परत आला नाही, त्याच दवाखान्यात.

फैजाननं बोट ठेवून वाचायला घेतलं. भाईचं अक्षर तिरकं, बस सुटत असल्यासारखं. "चरबी नुसती पडून नसते. ती रक्तातून मेंदूला निरोप धाडते : साठा भरपूर आहे, खाणं आवर. हा निरोप नेणारा हार्मोन म्हणजे लेप्टिन."

फैजानचे डोळे मिटले. अम्मीच्या अंगात त्याला एक लहानसं गाव दिसलं. रक्ताच्या लाल रस्त्यानं लेप्टिन सायकल मारत चाललाय. (मुखेडच्या मामूकडं येणाऱ्या पोस्टमनसारखा, मिशीसकट.) मेंदूच्या दारापाशी उतरतो, कडी वाजवतो. आत दिवा आहे, पण दार कुणी उघडत नाही.

खाली आणखी दोन ओळी होत्या. "हाडंही बोलतात. हाडातून ऑस्टिओकॅल्सिन निघतं आणि मेंदूपर्यंत जातं. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यानं मरगळ कमी झालेली दिसली."

पान संपलं. शहाण्या माणसानं इथं पान उलटलं असतं. फैजान चप्पल घालून कसायाकडं पळाला. (अर्धं ऐकून पळायची त्याची जुनीच खोड. यासेरभाई त्याला 'अर्धं पान' म्हणायचा.)

"बकऱ्याचे आठ पाय दे."

"पाहुणे हायत का घरी?"

"न्हाई. मेंदूला निरोप धाडायचाय."

कसायानं त्याच्याकडं जरा बघितलं आणि नळीची दोन हाडं वरून घातली. घरचं माणूस गेलं की लोक असं बोलतात, हे त्यालाही माहीत होतं.

कुकरमध्ये सहा पाय बसले. उरलेले दोन आणि नळ्या फैजाननं झाकणानं दाबून बसवल्या. ओट्याच्या वर, फळीवर, अम्मीचा मनोरा होता. त्र्याण्णवच्या भूकंपात ती लातूरजवळच्या मुरुडला होती, बारा वर्षांची. तेव्हापासून एकावर एक सात पालथे पेले आणि वर तांब्या. जमीन हलली की तांब्या पडणार आणि घर सावध होणार. पंचवीस वर्षांत तांब्या पडला नव्हता.

शिट्टी काही होईना. कुकर आधी थरथरला, मग ओटा थरथरला. फैजानला कशाचंच भान नव्हतं. कडेनं फुसफुसणाऱ्या वाफेत त्याला पांढरा कोट घातलेला यासेरभाई दिसत होता. "काय शिजवायलास रे?" भाई हसून विचारत होता. फैजान सांगणार, एवढ्यात धाडकन आवाज झाला. झाकण उडालं, रस्सा छताला गेला आणि तांब्यासकट सातही पेले खाली आले.

"जलजला आया! भूकंप! बाहेर पळा!"

दोन महिने पडून असलेली अम्मी उठली होती. तिनं फैजानची कॉलर धरली आणि त्याला गादीसारखा गल्लीत फेकला. मग अनवाणीच पळत सुटली. गल्लीत पोरांची तीन हॉस्टेलं. तिनं एकेक दार बडवलं. "पोरांनो, बाहेर! वह्या राहू द्या, जीव आणा!" साठ पोरं रस्त्यावर आली. एकाच्या तोंडाला दाढीचा फेस होता. एक जण टेस्ट पेपर घेऊन आला आणि उत्तरांचे गोल काळे करतच राहिला, कारण त्याचा वेळ संपला नव्हता. शेवटच्या खोलीत चौकटीच्या शर्टातला एक पोरगा ढाराढूर झोपला होता. त्याला तिनं मनगट धरून ओढत आणलं. नंतरही तिनं ते मनगट सोडलं नाही. पोरानंही सोडवून घेतलं नाही.

"अम्मी," फैजान पुटपुटला, "ते... कुकर होतं."

मेस चालवणारी चतुराबाई फैजानच्या दारातून आत डोकावून आली. "भूकंप न्हाई माय. बकऱ्याचे पाय छताला चिकटलेत. चालत वर गेल्यावानी!"

गल्ली हसली. अम्मी पायरीवर बसून धापा टाकत होती. ओढणीनं तिनं तोंड पुसलं.

"चतुराबाई, भाकर हाय का? पोटात नुसता खड्डा पडलाय."

चतुराबाई धावतच गेली. अम्मीनं पिठल्याबरोबर दीड भाकर खाल्ली. मधून मधून एकेक घास चौकटीच्या शर्टालाही दिला. फैजान लांबून घास मोजत होता, आणि त्याला गल्ली धुक्यातून दिसावी तशी दिसत होती.

संध्याकाळी छत धुऊन झाल्यावर त्यानं पान उलटलं.

"पण हाडं खाऊन हा निरोप जात नाही. खाल्लेला हार्मोन पोटातच पचून जातो. आपली स्वतःची हाडं हलवावी लागतात : चालून, पळून." बाजूला समासात, लाल शाईनं : "अर्ध्या पानाला हे दोनदा समजावणे. नाहीतर पाय आणायला पळेल."

फैजाननं ते दोनदा वाचलं. मग अम्मीजवळ बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. लाल शाईची ओळही.

अम्मीनं बराच वेळ त्या लाल अक्षरांवरून बोट फिरवलं.

"अजून एकदा वाच," ती म्हणाली. "तुला दोनदात कधी कळलंय?"