तेलाच्या तळघरातली आई

दीक्षानं तिकिटं काढताना सिनेमाच्या माहितीतली पहिलीच ओळ वाचली होती : 'आईच्या मायेची काळजाला हात घालणारी गोष्ट.' इथला मदर्स डे, त्यात सासूबाई भीमाबाई नागपूरहून मँचेस्टरला आलेल्या. तिनं लगेच दुपारच्या शोची तीन तिकिटं काढली. त्या ओळीखाली 'स्पॅनिश हॉरर' असंही लिहिलेलं होतं, पण तिथपर्यंत तिनं स्क्रोल केलंच नाही.

सिनेमा सुरू झाला. ऑलिव्ह तेलाचा एक जुना घाणा, तो चालवणारी एक बाई आणि तिची सहा वर्षांची मुलगी. दहाव्या मिनिटाला मुलगी तळघरात गेली आणि परत आलीच नाही. मग तेलाच्या रांजणातून एक करडा हात बाहेर आला.

"दीक्षा, हे काय आहे?" तिच्या नवऱ्यानं, इंद्रजितनं दबक्या आवाजात विचारलं. ऑफिसात चाळीस माणसं त्याच्या हाताखाली होती, पण आता त्यानं खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता.

"फॅमिली ड्रामा असेल असं वाटलं होतं मला."

"आई, चल, बाहेर जाऊन चहा घेऊ."

"तिची पोरगी हरवली अन् तुला चहा सुचून राहिला?" भीमाबाई म्हणाल्या. सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात चौतीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या बाई त्या. रांजणातल्या हाताकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या फक्त त्या आईचा चेहरा बघत होत्या, आणि मधूनच "अगं, उजव्या हाताला बघ ना माय" असं तिला सांगत होत्या.

ती आई उजवीकडे वळली, आणि पडदाभर एक चेहरा आला. इंद्रजित उडाला. त्याच्या मांडीवरचा नाचोजचा ट्रे वितळलेल्या चीजसकट पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या इंग्रज बाईंच्या डोक्यावर पालथा झाला. मानेवरून काहीतरी गरम ओघळतंय म्हटल्यावर बाईंनी किंकाळी फोडली. ती इतकी खरी होती की सगळं थिएटर किंचाळलं. कुणीतरी बाहेर पळालं, दिवे लागले, सिनेमा थांबला.

मॅनेजर आली. "तुम्हाला बाहेर जावं लागेल," ती इंद्रजितच्या कुटुंबाला म्हणाली.

भीमाबाई तोवर आपल्या पदरानं त्या बाईंच्या केसांतलं चीज निपटून काढत होत्या, वॉर्डातल्या पेशंटचं डोकं पुसावं तशा. त्यांनी मान वर केली आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "गर्ल नॉट फाउंड. हाऊ गो?"

"त्या बरोबर बोलतायत," चीजवाल्या बाई म्हणाल्या. मागून दोन-चार जणांनी दुजोरा दिला. थोड्या चर्चेनंतर तोडगा निघाला : सिनेमा पुन्हा सुरू होईल, मात्र इंद्रजित बाहेर बसेल.

एकोणचाळीस वर्षांचा इंद्रजित लॉबीतल्या बाकावर बसला. समोरून लहान लहान मुलं कार्टूनच्या सिनेमाला जात होती. आतून मधूनमधून किंचाळ्या ऐकू येत होत्या. अर्ध्या तासानं दार उघडलं आणि भीमाबाई बाहेर आल्या.

इंद्रजित बाकावरून उठला. "आई, माझ्यासाठी सिनेमा सोडून आलीस?"

"नाही रे. बाथरूम कुठं आहे?"

त्यानं हात करून दाखवलं. पाच मिनिटांनी त्या परत आल्या, दारापर्यंत गेल्या, दाराच्या मुठीवर हातही ठेवला. मग वळून त्याच्याकडे बघितलं आणि येऊन त्याच्या शेजारी बसल्या.

"जा ना आई, शेवट चुकेल."

"काही नाही चुकत. पोरगी सापडली तिची. आता नुसतं रडणं चालू आहे."

इंद्रजितला फार बरं वाटलं. दोघांनी मशीनमधला चहा घेतला. भीमाबाईंनी त्याच्या शर्टाच्या बाहीवरचं चीज नखानं खरवडून काढलं.

सिनेमा सुटला. दीक्षा डोळे पुसत बाहेर आली.

"आई, तुम्ही शेवट बघायला हवा होता. पोरगी सापडलीच नाही हो. ती आईच तळघरात राहून गेली, पोर एकटी नको म्हणून."

इंद्रजितनं आईकडे बघितलं. "तू तर म्हणालीस सापडली."

"मला कुठं स्पॅनिश कळते बापा," भीमाबाई म्हणाल्या आणि चहाचा कप टाकायला डबा कुठे दिसतो का ते बघू लागल्या.