तात्यांचे टोचरे स्पीकर

हवा दमट झाली की आमच्या शेजारच्या तात्यांच्या घरी शेगडी पेटायची, ती माणसांसाठी नव्हे, स्पीकरसाठी. "ओल धरली की आत तडतडतंय बघा," म्हणत तात्या त्या दोघांना बाळंतिणीसारखा शेक द्यायचे.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नोकरीसाठी कोल्हापुरात आलो आणि राजारामपुरीत तात्यांच्या भिंतीला भिंत लागून भाड्याने राहू लागलो. तात्यांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप. कुठल्याशा कारखान्यात आलेला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परतताना त्यांना हे स्पीकर देऊन गेला होता. पेटी नाही, कर्णा नाही. दाराच्या फळीएवढ्या उभ्या दोन जाळ्या आणि आत ताणलेला पातळ पडदा. विजेच्या जोरावर तो पडदाच थरथरायचा आणि गायचा. कोणी जवळ गेलं की तात्या ओरडायचे, "लांब व्हा! करंट हाय त्यात!"

आवाज असा लखलखीत, की कानात सुई जावी. गाण्यातला प्रत्येक 'स' शिट्टी घालत यायचा. एकदा झांजा वाजल्या तेव्हा मी माझ्या घरात दाढी करत होतो. हनुवटीवर खूण अजून आहे. तक्रार केली, तर तात्या म्हणाले, "पावणं, तुमचं कान कच्चं हायत. आवाज कसा, तांब्याच्या घागरीवानी घासलेला पायजे!" दोन वर्षं शेजारी राहूनही मी पावणाच. गल्लीने त्यांना 'चक्रम तात्या' म्हणायला सुरुवात केली, तेही त्यांनी खुशाल चालवून घेतलं.

शेवटी जयसिंगपूरहून त्यांचे मेहुणे आले. त्यांचं रेडिओचं दुकान. टेम्पोतून सागवानी पेट्यांचे नवे स्पीकर उतरवून म्हणाले, "दाजी, आठ दिवस ऐका. पसंत पडलं तर ती जुनी ब्याद मी घेऊन जातो."

गल्ली खूश. मी त्याच संध्याकाळी ऐकायला गेलो. आवाज सायीसारखा मऊ. "झकास हाय की!" तात्या मान डोलवत म्हणाले. तात्यांच्या पत्नी, काकू, शेजारी गवार मोडत बसल्या होत्या. गाणं संपल्यावर त्याही हसल्या.

तिसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि नव्या पेट्या परत गेल्या. मी चिडूनच तात्यांना गाठलं. "एवढा गोड आवाज, आणि परत पाठवलात?"

त्यांनी मला दंडाला धरून परसात नेलं. त्यांना हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"गोड हाय, ते मला कळत न्हाय व्हय? पण त्यात हिला शब्दच लागंनात. गाणं संपल्यावर इचारलं, काय म्हणली गं ती बाई? तर नुसती हसली. लई दिवस झालं, कमी ऐकू येतंय तिला. ह्या जाळीतनं तेवढं लख्ख येतंय."

"मग डॉक्टरांना दाखवा की."

"ती कबूल कुठं हुतीया? मला कळलंय हेच तिला ठावं न्हाय. तुमी बी बोलू नगासा."

आम्ही आत आलो. जुने स्पीकर गात होते. काकू गवार बाजूला ठेवून ऐकत होत्या आणि त्यांचे ओठ शब्दांबरोबर हलत होते. मला बघून म्हणाल्या, "काय करायचं भाऊजी, ह्यांना असलंच टोचरं आवडतंय. सोसायचं झालं."

"आवडतंय की," तात्या म्हणाले, आणि त्यांनी आवाज आणखी थोडा वाढवला.