सॉनात विसरलेली नळी

मोटारीतलं मला सगळं कळतं. ही फुशारकी नव्हे. आमच्या कायानी गावात गेली तीस वर्षं मी हे सांगत आलोय आणि आजवर एकानेही ‘नाही’ म्हटलेलं नाही. आता फिनलंडमध्ये कुणी कुणाला काहीच म्हणत नाही, हा भाग वेगळा.

तर जानेवारीत पारा उणे अठ्ठावीसवर उतरला आणि माझ्या गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला.

"एन्सिओ, ही गाडी आहे की पेट्रोल पंप?" हेल्वीने नाकाला मफलर लावत विचारलं. हेल्वी माझी बायको. "गॅरेजला टाक."

"गॅरेज कशाला? मी आहे ना."

"म्हणूनच म्हणते."

शेवटी गेलो रौतिओच्या गॅरेजमध्ये. तिथे छान ऊब. रौतिओने बॉनेट उघडलं, नाक आत घातलं, टॉर्च मारला. वास नाही, थेंब नाही, काही नाही. गाडी अशी साळसूद की जणू आयुष्यात पेट्रोल प्यायलीच नाही. बाहेर काढली, पुलापर्यंत आलो आणि परत घमघमाट. मागे वळवली, आत घेतली, वास गायब. असं तीनदा झालं.

"रबर थंडीत आकसतं," रौतिओ म्हणाला. "मग गळतं. इथे उबेत आलं की फुगून बसतं."

"मग बाहेर येऊन बघ की."

"या थंडीत अस्वलंसुद्धा आत झोपतात. मंगळवारी ये, एकेक भाग सोडवून बघू."

"बघायचं काय त्यात? इंजिनाकडे जाणारी नळी गेली आहे, मला दिसतंय. नवी नळी दे. मी बसवतो."

रौतिओ माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने नळी कापून दिली. माझ्यावर एवढा विश्वास पाहून मला बरं वाटलं.

शनिवारी दुपारी आवारात कामाला लागलो. गाडीशेजारच्या खांबाला वायर जोडली, टायमर फिरवला, आतला विजेचा हीटर सुरू केला. अधूनमधून आत बसून बोटं शेकायची आणि पुन्हा बॉनेटखाली घुसायचं. जुनी नळी निघाली. टाकीकडून येणाऱ्या पाइपाला एक बोल्ट ठोकून बूच मारलं. इथपर्यंत सगळं फक्कड. पण जुन्या नळीच्या टोकाला एक पितळी जोड होता. तो काढून नव्या नळीवर चढवायचा होता आणि नळी थंडीने लाकडासारखी कडक झालेली. ओढली, पिळली, शिव्या घातल्या, ढिम्म हलेना. तिला ऊब हवी होती. भरपूर ऊब. मी घड्याळात पाहिलं. सहाला पाच कमी होते. आणि वार होता शनिवार.

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या सोसायटीत वीस घरं आणि तळघरात एक सॉना, म्हणजे भट्टीवरच्या तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची खोली. प्रत्येक घराला आठवड्यातून एक तास. पण तास आणि तास यांत फरक असतो. मंगळवारी दुपारी तीनचा तास म्हणजे शिक्षा. शनिवारी सहा ते सात म्हणजे राज्याभिषेक. बाकं कोरडी, दगड नुकते लाल झालेले, नंतर घरी सॉसेज आणि बियर आणि टीव्हीवर हॉकी. या तासासाठी आम्ही अकरा वर्षं रांगेत होतो. म्हातारा वार्तियाइनेन वारला तेव्हा आम्हाला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्याच्या अंत्यविधीच्या कॉफीला हेल्वी माझ्या कानाशी लागून म्हणाली होती, "म्हणजे आता सहा ते सात आपलं?" मी तेव्हा तोंडात केक कोंबून हसू दाबलं होतं.

आणि नियम कडक. सॉनाचा गैरवापर केला की तास गेला, आणि तुम्ही रांगेच्या शेवटी. हा नियम नोटीस बोर्डावर चेअरमन तोर्विनेनच्या सहीने लावलेला आहे. शनिवारी सहाच्या रांगेत आमच्या मागचा पहिला नंबर कुणाचा, ते विचारू नका. तोर्विनेनचाच. त्याला सात ते आठ मिळतं, आणि त्यात त्याची अर्धी हॉकी बुडते.

हेल्वीला सर्दी झाली होती, त्यामुळे ती घरीच होती. मी टॉवेलात दोन्ही नळ्या गुंडाळून खाली गेलो.

काय सांगू, योजना नामी निघाली! नळ्या वरच्या बाकावर भट्टीशेजारी ठेवल्या, मीही बाजूला बसलो. तिघंही हळूहळू मऊ झालो. वीस मिनिटांत जोड लोण्यातून सुरी निघावी तसा जुन्या नळीतून निघाला आणि नव्या नळीवर चढला. रौतिओला हे सुचलं असतं? शक्यच नाही. आनंदाच्या भरात मी डावभर पाणी दगडांवर फेकलं.

वाफ उठली. आणि वाफेबरोबर वास उठला.

जुन्या नळीच्या पोटात घोटभर पेट्रोल राहिलं होतं, ते बाकाच्या फळ्यांत मुरलं होतं. माझे डोळे चुरचुरले. आधी भट्टी बंद केली. मग साबणाने फळ्या घासल्या. आता पेट्रोल आणि साबण असा दुहेरी वास यायला लागला. झरोका उघडला, तर बाहेरचे उणे अठ्ठावीस थेट पाठीवर आले. बंद केला, वास. उघडला, थंडी. असं करता करता सातला तीन मिनिटं उरली आणि दारावर टकटक झाली. तोर्विनेन आयुष्यात कधी उशिरा आलेला नाही. मी हाताला लागलं ते टॉवेलात कोंबलं, भट्टी पुन्हा चालू केली, कारण थंड सॉना मागे ठेवणं म्हणजे तर खूनच, आणि दार उघडलं.

दारात तोर्विनेन आणि त्याची बायको आउने, दोघं अंघोळीच्या झग्यांत.

"वाफ कशी होती?" तोर्विनेनने विचारलं. हे विचारायचंच असतं.

"छान होती."

त्याने नाक वर केलं. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं.

"एन्सिओ, तुला कसला वास येतोय का?"

"नाही तर."

"मलाही नाही," तो म्हणाला आणि आत गेला.

आमच्याकडे हे असं आहे. शेजाऱ्याला वास येत नसेल, तर आपल्याला येतोय असं म्हणणं आगाऊपणाचं समजतात.

घरी येऊन टॉवेल उलगडला. नवी नळी होती. जोड होता. जुनी नळी नव्हती.

"दुसरी कुठाय?" हेल्वीने विचारलं. तिचं नाक बंद होतं, डोकं नव्हतं.

"खाली राहिली वाटतं. आठ वाजता जाऊन हळूच आणतो."

"एन्सिओ, तू पेट्रोलची नळी सॉनात नेलीस?"

"तापवायला."

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "अकरा वर्षं मी मंगळवारी दुपारी तीनला घामेजले. ते सहा ते सात गेलं ना, तर मी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही."

मी तिला धीर दिला. पण चोराच्या मनात चांदणं. मी खिडकीत जाऊन उभा राहिलो.

नंतर आउनेकडून कळलं ते असं. ती दोघं आत वीस मिनिटं त्या वासात बसली होती. आपला तास आहे, वाया कसा घालवायचा? तोर्विनेनने दोनदा पाणीही टाकलं. मग आउनेचं डोकं गरगरायला लागलं, तेव्हा तिने सभ्यतेला रामराम ठोकून विचारलं, "तुलासुद्धा येतोय ना रे?" तोर्विनेनने अग्निशमन दलाला फोन लावला.

साडेसातला आवारात लाल गाडी. वीसच्या वीस घरं बाहेर. हेल्मेट घातलेली एक उंच बाई तुकडीची प्रमुख होती. ती म्हणाली, तळघर तपासून होईपर्यंत कुणीही आत जायचं नाही. लोक कोट चढवून उभे होते, पण तोर्विनेन आणि आउने झग्यांत, पायात नुसते बूट. आउनेचे ओले केस गोठून खराट्यासारखे ताठ झाले होते. मला खरंच लाज वाटली. पण लाज वाटणं निराळं आणि कबूल करणं निराळं.

"आमची गाडी गरम आहे," हेल्वी एकदम म्हणाली. "हीटर चालू आहे. बसा आत."

मी तिच्या कोटाची बाही ओढली. तिने हिसका दिला. गाडीत बसले की वास येणार, वास आला की संपलंच. पण काय करता? आउनेच्या पापण्यांवरही बर्फ धरला होता. ती आणि हेल्वी मागे बसल्या, तोर्विनेन माझ्याशेजारी पुढे. मी श्वास रोखला.

वास नाही! अजिबात नाही. गाडी गरम होती आणि वर गळायला नळीच नव्हती.

"किती स्वच्छ गाडी आहे," आउने म्हणाली. "सगळ्या आवारात वास नसलेली ही एवढीच जागा."

"मी स्वतः निगा राखतो," मी म्हणालो.

तोर्विनेन समोर बघत बसला होता. मग घसा खाकरून म्हणाला, "एन्सिओ, खरं सांगतो. आधी मला तुझाच संशय आला होता. माफ कर."

तीस वर्षांत आमच्या सोसायटीत कुणी कुणाची माफी मागितल्याचं मला आठवत नाही. मी मोठ्या मनाने म्हणालो, "होतं असं कधी कधी." मागून हेल्वीचा गुडघा माझ्या पाठीत बसला.

तेवढ्यात टायमर टक्क करून संपला. हीटर बंद. दोन मिनिटांत काचांवर दव गोठायला लागलं.

"इंजिन चालू कर," तोर्विनेन म्हणाला.

"आवारात उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायला बंदी आहे. तूच नोटीस लावलीस."

"मी लावली, मीच मोडतो. कर चालू."

"तुझ्या सहीचा मान राखायला नको का?"

"एन्सिओ, माझी बायको गारठली आहे."

मी किल्ली फिरवली. खर्रर्र. पुन्हा फिरवली. खर्रर्र, खर्रर्र. आणि नेमकं तेव्हाच उंच बाई तळघरातून वर आली. तिच्या हातमोजा घातलेल्या हातात माझी जुनी नळी लोंबत होती.

"बाकाच्या मागे सापडली," तिने मोठ्याने सांगितलं. "कुणाची?"

सगळ्या आवारात एकच आवाज, माझ्या गाडीचा. खर्रर्र.

तोर्विनेनने नळीकडे पाहिलं. किल्लीकडे पाहिलं. मग तो झगा सावरत खाली उतरला, त्याने स्वतःच्या हाताने माझं बॉनेट उघडलं आणि पाइपात ठोकलेल्या बोल्टकडे तो बराच वेळ बघत राहिला. बॉनेट त्याने अगदी हळू मिटलं.

"वाफ छान होती म्हणालास," एवढंच म्हणाला.

सोमवारी नोटीस बोर्डावर दोन कागद लागले. एकावर सॉनात काय आणू नये याची यादी होती, त्यात ‘मोटारीचे भाग’ ही नवी ओळ. दुसऱ्यावर शनिवारी सहाची रांग. तोर्विनेनला तास मिळाला आणि उरलेल्या एकोणीस घरांत माझा नंबर एकोणिसावा. हेल्वी बोलेनाशी झाली. अर्थात फिनलंडमध्ये हे लक्षात यायला तीन दिवस लागले.

रविवारी मी नवी नळी बसवली होती, पण पेट्रोल आणखीच गळायला लागलं. मंगळवारी गाडी ओढत रौतिओकडे नेली. "नळी बरोबर बसवलीस," तो म्हणाला. "पण जुनी नळी चांगली होती. गळत होता हा." त्याने नखाएवढा एक रबरी वायसर माझ्या हातावर ठेवला.

तोर्विनेन मात्र दिलदार निघाला. तिसऱ्या शनिवारी आउने बहिणीकडे गेली होती, तर पावणेसहाला दार वाजवून म्हणाला, "ये. एकट्याला वाफेत मजा नाही." मी गेलो. माझ्याच जागेवर तो बसला, मी खालच्या बाकावर. त्या दिवशी पारा उणे तीसवर होता. तो सबंध दुपार आवारात गाडीशी काहीतरी खटपट करत होता, हे मी खिडकीतून पाहिलं होतं. त्याने डावभर पाणी टाकलं. वाफ उठली.

तोर्विनेन थोडा चुळबुळला. मग आपल्या हातांकडे बघत म्हणाला, "एन्सिओ, तुला कसला वास येतोय का?"

मला येत होता. डोळे चुरचुरण्याइतका येत होता. एक चिठ्ठी नोटीस बोर्डावर लावली असती की शनिवार सहा ते सात पुन्हा मोकळं. मी मनात रांग मोजली. तोर्विनेन शेवटी गेला असता आणि माझा नंबर झाला असता अठरावा.

"नाही तर," मी म्हणालो. "टाक अजून थोडं पाणी."