कव्हरातली स्वच्छ हवा

मुलांनो, मांडी घालून बसा आणि शक्यतो खोकू नका. एका जंगलात सगळेच खोकत होते, त्याचीच ही गोष्ट आहे.

त्या जंगलात टेकडीपाशी तरसाचा खडी क्रशर होता. दिवसभर दगड फुटायचे आणि पानापानांवर पांढरी धूळ बसायची. जवळच्या बाभळीवर भिंगरी नावाची खार राहायची. तिचं पिल्लू टिचू तीन महिने खोकत होतं. आताशा त्याला दोन उड्याही मारवत नव्हत्या.

भिंगरी सिंहाकडे गेली. "महाराज, क्रशर बंद करा. माझं लेकरू जाईल हो!"

सिंह न्यायी होता. तसं त्यानेच सांगितलं होतं. तो म्हणाला, "आम्ही धूळ मोजायचं यंत्र बसवू. आकडा शंभराच्या वर गेला, तर क्रशर बंद. शब्द दिला."

यंत्र आलं. ते बसवायला सुतारपक्ष्याला बोलावलं. हा गडी कामाचा पक्का. त्याने यंत्र बाभळीवर ठोकलं. हवा आत जायचं भोक मोकळं ठेवलं. शेजारच्या जंगलातून तपासलेलं दुसरं यंत्र उसनं आणून बाजूला टांगलं आणि दोघांचे आकडे जुळेपर्यंत आठ दिवस तिथून हलला नाही. शेवटी दोन्ही यंत्रं एकच आकडा दाखवू लागली. चारशे साठ.

"उद्या महाराजांनी येऊन बघायचं, की झालं," असं भिंगरीला सांगून तो उसनं यंत्र परत करायला गेला.

संध्याकाळी भांडारप्रमुख रानडुक्कर यंत्र ताब्यात घ्यायला आला. हा फार जपणारा प्राणी. त्याच्या भांडारातल्या खुर्च्यांचं प्लास्टिक तीन वर्षं निघालं नव्हतं.

"अरे देवा! नवंकोरं यंत्र आणि उघडं? केवढी धूळ बसेल!"

त्याने यंत्राला जाड पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि खालून दोरीने घट्ट बांधलं.

दुसऱ्या दिवशी हार घातले, नारळ फुटला. सिंहाने आकडा पाहिला. दोन!

"बघा, नुसतं यंत्र बसवलं आणि हवा सुधारली!" सिंह म्हणाला. तरसाला हसू आवरेना. त्याला तिथल्या तिथे दुसऱ्या क्रशरची परवानगी मिळाली.

भिंगरी सरसर वर चढली. तिने दातांनी कव्हर टराटरा फाडलं. आकडा चढत चढत चारशे साठवर गेला.

"महाराज, आता शब्द पाळा!"

सिंहाने रानडुकराकडे पाहिलं. शेजारच्या फांदीवर टिचू खोकला.

मग रानडुक्कर म्हणाला, "महाराज, कव्हर होतं तोवर हवा चांगली होती. हिने फाडलं आणि बिघडली. सगळ्यांनी पाहिलंय."

पाहिलं तर खरंच सगळ्यांनी होतं. मला इथे दर वेळी राग येतो, पण गोष्ट अशीच आहे.

सिंहाने न्याय केला. यंत्राला दुहेरी कव्हर चढलं. कव्हरवर धूळ साचून आकडा दिसेनासा होतो, म्हणून ते रोज सकाळी शेपटीने पुसायची शिक्षा भिंगरीला झाली.

ती अजून पुसते. आधी शेजारच्या फांदीवरून टिचूच्या खोकल्याचा आवाज यायचा. हल्ली येत नाही. आकडा मात्र दोनच असतो.

तात्पर्य: मुलांनो, नवी वस्तू नीट जपावी. पिल्लं काय, दरवर्षी होतात.