विहीणबाईंसाठी सात सूचना

मासात्लानला यायचं असेल तर मला विचारल्याशिवाय येऊ नका! एकतीस वर्षं मी इथल्या एका हॉटेलच्या काउंटरवर उभा राहिलोय. कुठल्या किनाऱ्यावर लाल बावटा दिसला की पाण्यात पाय घालू नये, कुठल्या टपरीवर 'मासा ताजा आहे ना?' असं विचारलं की मालकीणबाई झारा घेऊन मागे लागते, सगळं मला पाठ. माझ्या सूचना पाळून आजवर एकही पाहुणा पस्तावलेला नाही. निदान परत येऊन तसं म्हणाला तरी नाही.

त्यामुळे आमच्या मारिसेलाचं लग्न एफ्राइनशी ठरायच्या बेतात आलं आणि त्याची आई, दोन्या एदुविहेस, मुलगी बघायला तोलुकाहून येणार असं कळलं, तेव्हा मी लगेच कागद-पेन घेऊन बसलो.

"तुम्ही काही लिहू नका," बायको लेओनिला म्हणाली. "बाई पहिल्यांदा येतेय. तिनं नाक मुरडलं तर संपलं! तो मुलगा आईच्या शब्दाबाहेर नाही."

"म्हणूनच लिहितोय!"

सात सूचना लिहिल्या आणि फोटो काढून पाठवल्या. पहिल्या सहांत काही वावगं नव्हतं. सातवी अशी होती: 'गावात पुल्मोनियाशिवाय मजा नाही. आमच्याकडे सगळे पुल्मोनियावाले. आल्या आल्या एक पकडा, घाबरू नका!'

आता आमच्याकडे पुल्मोनिया म्हणजे उघडी टॅक्सी. वर छप्पर आणि चारी बाजूंनी वारा. त्या वाऱ्यापायीच हे नाव पडलं, कारण आमच्या भाषेत न्यूमोनियालाही पुल्मोनियाच म्हणतात. मासात्लानमधल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. पण तोलुका पडलं डोंगरावरचं थंडगार गाव. तिथे पुल्मोनिया एकाच प्रकारचा असतो, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

तासाभरात फोन वाजला.

"अहो व्याही, ते पुल्मोनियाचं काय लिहिलंय? सगळ्यांना आहे?"

"सगळ्यांना कुठला, विहीणबाई! पण माझ्या भावाकडे, चेंदोकडे, तीन आहेत."

"तीन?"

"त्यातला एक तर नवाकोरा. लालभडक!"

विहीणबाईंनी आवाज खाली आणला. "म्हणजे... घराण्यातच आहे का हा?"

"तर! वडिलांनी आणला. अख्ख्या गल्लीत पहिला त्यांचा. त्यांची हयात त्यातच गेली हो!"

"अगं बाई! आणि मारिसेलाला?"

"तिला काय विचारता? इस्पितळातून घरी आली तीच पुल्मोनिया घेऊन! अजूनही दर शनिवारी असतोच. डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं, पण पोरगी हसत असते."

"लहान मुलांनाही...?"

"मुलांचा तर जीव की प्राण! एकदा मिळाला की सोडायला तयार नसतात!"

फोन कट झाला. "रेंज गेली बिचारीची," मी लेओनिलाला म्हणालो. "पण खूश दिसली."

दुसऱ्या दिवशी एफ्राइनचा फोन आला. तो ला पासच्या फेरीबोटीवर मेकॅनिक आहे, त्यामुळे भर समुद्रातून निम्मंच ऐकू येत होतं. "आई म्हणते लग्न नको... मारिसेलाची छाती..." आणि खरखर!

"माझी छाती?" मारिसेला उडालीच. मग जी रडायला लागली ती थांबेचना. दोन दिवस पोटात अन्नाचा कण नाही. लेओनिला माझ्याकडे असं बघत होती की मी अंगणातच जेवायला बसायचो.

शनिवारी मात्र विहीणबाईंचा निरोप आला: 'हॉटेलवर पोहोचले. मुलीला एकदा डोळ्यांनी बघते.' माझ्या जिवात जीव आला. गोड बोलून सगळं जमवू म्हटलं आणि चेंदोला त्याच्या नव्या गाडीसकट त्यांना आणायला पिटाळलं.

पंधरा मिनिटांत चेंदोचा फोन. "दादा, बाई खोलीचं दार उघडत नाही!"

"तू काय म्हणालास?"

"काही वाईट नाही. बाहेरून ओरडलो, 'निकानोरनं तुमच्यासाठी खास पुल्मोनिया पाठवलाय!' तर आतून म्हणाली, 'लांब हो मेल्या!'"

मी मारिसेलाला घेऊन धावलो. खूप विनवण्या केल्यावर दार वीतभर उघडलं. तोंडाला स्कार्फ बांधलेल्या विहीणबाई, हातात थर्मास.

"पोरी, आधी हे पी, मग रड. बोगनवेलीच्या फुलांचा काढा आहे. तोलुकाहून फुलं घेऊन आलेय." आणि मग त्यांचा आवाज कापला. "माझे मालक जानेवारीत गेले. आठ दिवसांत. पुल्मोनियानंच. मला पुन्हा ते बघवणार नाही गं, म्हणून लग्नाला नको म्हटलं. पण एफ्राइन तुझ्यावर जीव टाकतो. तू बरी हो, मग बघू."

ही बाई नाक मुरडेल म्हणून आम्ही घाबरलो होतो!

मारिसेला काढ्याकडे बघत राहिली. मग सावकाश माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही यांना फोनवर काय सांगितलंत?"

मी सगळं जसंच्या तसं सांगायला लागलो. 'हयात त्यातच गेली' इथपर्यंत आलो आणि कपाळावर हात मारला. मारिसेलानं दोन्या एदुविहेस यांचा हात धरला आणि त्यांना खिडकीपाशी नेलं. खाली चेंदो आपला लालभडक आजार फडक्यानं पुसत होता. पुढच्या काचेखाली ठळक अक्षरं: 'पुल्मोनिया'.

बाईंनी ते दोनदा वाचलं. "मग तुमचे वडील...?"

"चालवायचे हो," मी पुटपुटलो.

बाई अशा हसत सुटल्या की स्कार्फ गळून पडला आणि थोडा काढा माझ्या बुटांवर! मग त्यांनी समुद्राकाठच्या रस्त्यावर तीन चकरा मारायला लावल्या. शेवटच्या चकरेला तर चेंदोला म्हणाल्या, "दामटा की जरा!"

आमच्या घरी निखाऱ्यावरचा मासा खाताना त्या एकदम गंभीर झाल्या. "लग्नाला माझा होकार आहे. पण एक अट आहे."

मारिसेलाचा घास हातातच राहिला.

"पत्रिकेतला मजकूर मुलीच्या बापानं लिहायचा नाही."

सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या लेओनिलानं!

परवाच पत्रिका छापून आल्या. झकास झाल्यात. फक्त माझ्या निकानोरचं निकानोरा झालंय, म्हणजे मुलीला दोन आयाच. पण मी काही बोललो नाही.